डावखुरा टाका

"ताई, सहाला कुलूप लागतं हं," हमालांचा मुकादम वखारीच्या दारातून तिसऱ्यांदा म्हणाला.

नेत्रावतीनं मान हलवली, पण मोजणं सोडलं नाही. आकडा मधेच तुटला की पुन्हा पहिल्या पोत्यापासून सुरुवात. नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधली होती, तरी शिंका थांबत नव्हत्या. ब्याडगीच्या मिरचीच्या वखारीत, तेही मार्च महिन्यात, न शिंकता कुणी हजार पोती मोजून दाखवली तर त्याचा खुशाल सत्कार करावा. नेत्रावती याच गावात वाढली होती, शिंकत शिंकतच मोजायला शिकली होती.

एकतीस मार्चचा दिवस. कोटूर मालकांनी वहीत जेवढा माल लिहिलाय तेवढा खरंच वखारीत आहे का, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघून लिहून आणायचं काम हावेरीच्या हलगेरी सरांच्या ऑफिसकडं होतं. हलगेरी सर म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, आणि नेत्रावती त्यांच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकलशिप करत होती. ती नऊ एप्रिलला संपायची होती. त्या दिवशी सरांनी एका कागदावर सही केली की तीन वर्षं पदरात पडली, नाही केली तर परीक्षा पास होऊनही हाती धुपाटणं. सी.ए.च्या फायनल परीक्षेचा एक ग्रुप सुटला होता. दुसऱ्यात ती दोनदा आपटली होती, आणि तिसरी खेप मे महिन्यात होती.

सरांच्या ऑफिसात एक पद्धत होती. नवीन मुलगा-मुलगी रुजू झाली की सर टेबलाच्या खणातून एक रंगीत पेन्सिल काढून द्यायचे. तीन वर्षं तोच रंग, दुसऱ्या कुणाला तो मिळत नसे. नेत्रावतीला जांभळा मिळाला होता. सर म्हणाले होते, "जिथं जांभळी खूण दिसेल तिथं मी समजणार, नेत्रावतीनं स्वतः बघितलंय. मग मी पुन्हा बघणार नाही, सही करणार." एवढंच. सर फार बोलायचे नाहीत, बोलले तर ते शब्द माणसाला झोपेत आठवायचे.

मालाच्या मोजणीलाही सरांचा नियम ठरलेला होता. पोती सगळी मोजायची आणि पंधरातलं एक उघडून आत हात घालायचा. तिच्या वाट्याला आलेल्या पाचव्या वखारीत पोती होती चौदाशे ऐंशी, म्हणजे शंभरेक उघडायला हवीत. पण ब्याडगीचाही एक नियम होता, आणि तो सरांच्या नियमापेक्षा जुना. ज्यानं पोतं उघडलं त्यानंच ते शिवायचं. तोंड उघडं ठेवून जायचं नाही. हवा लागली की मिरचीचा रंग उतरतो, आणि म्हातारी माणसं म्हणतात, उघड्या तोंडातून बरकतही जाते. एक पोतं उसवायचं, बघायचं, दाभण-सुतळी घेऊन परत शिवायचं, म्हणजे पाच मिनिटं कुठंच गेली नाहीत. नेत्रावतीनं साडेपाचपर्यंत बावीस पोती उघडली आणि बावीस शिवली. सगळी बाहेरच्या रांगांतली. आत लालभडक, सुरकुतलेली, अस्सल मिरची. बोटं पेटली होती, पाठ मोडली होती, आणि घरी अभ्यासाची पुस्तकं वाट बघत होती.

मग ती शिडीवरून थप्पीच्या माथ्यावर चढली आणि मधल्या पोत्यांकडं बघून तिला बरं वाटलं. मधल्या पोत्यांची तोंडं तिच्या आईनं शिवलेली होती. ब्याडगीत दुसऱ्या कुणाचा टाका असा पडत नसे. फकीरव्वा डावखुरी, त्यामुळं तिचे टाके उलटे तिरपे जायचे आणि शेवटी लागोपाठ तीन गाठी. नेत्रावतीनं त्या गाठींवरून हात फिरवला. अव्वानं शिवलेलं पोतं, त्यात काय बघायचंय, असं तिच्या मनात आलं. मालाच्या तक्त्यात 'उघडून पाहिली' असा एक रकाना होता. त्यात तिनं शंभर लिहिले आणि पुढं जांभळी खूण केली.

खाली उतरली तेव्हा कोटूर मालक स्वतः ताक घेऊन आले होते. बरोबर चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची पुडी. "काय सी.ए. बाई, सापडला का चोर?" ते हसत म्हणाले. आमच्या वखारीतली पोरगी सी.ए. होणार, हे ते सगळ्या बाजारात सांगत फिरायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नेत्रावतीचा बाप याच वखारीत हमाल होता. तो गेला तेव्हा मालकांनी फकीरव्वाला देठ खुडायला आणि पोती शिवायला ठेवून घेतलं, आणि त्याच मिळकतीवर पोरगी बी.कॉम. झाली. बाहेर तिच्याबरोबर आलेला सुहेल, सरांच्या ऑफिसातलाच दुसरा आर्टिकल, बाकीच्या वखारी मोजून मोटरसायकल सुरू करून उभा होता. गिरमिट खाऊन ती निघाली. त्या दिवशी तिला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. पोटभर जेवली आणि रात्री दहापर्यंत वाचत बसली.

चार दिवसांनी, रविवारी, भाकरी थापता थापता फकीरव्वाचा हात थांबला. तिनं डावं मनगट उजव्या हातानं दाबून धरलं. नेत्रावतीनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि परातीशी जाऊन बसली.

"सरक, मी थापते. काय झालं हाताला?"

"काय होणार. पोती शिवून शिवून गेलाय," फकीरव्वा म्हणाली. "मिरचीची पोती शिवायची ती शिवायचीच, यंदा देठांचीसुद्धा शिवायला लावली. देठांना कुणी दाभण लावतं का? दरवर्षी ढीग घालायचा, वीटभट्टीवाला गाडीत भरून न्यायचा. यंदा म्हणे पोत्यात घाला, तोंड नीट शिवा. चारशेवर पोती झाली माझ्या एकटीची."

"आणि ठेवली कुठं ती?"

"पाचव्या वखारीत, मधे. हमाल म्हणाले, दावणगिरीच्या कुठल्या कारखान्यात जाणार आहेत."

नेत्रावतीच्या हातातली भाकरी परातीतच फाटली. तिनं तो गोळा परत मळला, परत थापायला घेतला आणि परत फाटला. फकीरव्वानं तिच्याकडं बघितलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. फकीरव्वा शाळेत गेली नव्हती, पण माणसाचा चेहरा तिला वाचता यायचा.

नेत्रावतीनं सगळं सांगितलं. मालकांनी ती पोती मिरची म्हणून लिहिली आहेत. बँकेनं त्या मालाकडं बघून कर्ज दिलंय. आणि वखारीत मिरचीच आहे असं लिहून देणारी ती स्वतः आहे. बावीस उघडली आणि शंभर लिहिली, हेही सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की फकीरव्वाला जवळ सरकावं लागलं.

"सही कुणाची?" फकीरव्वानं विचारलं.

"सरांची. आठ तारखेला करणार."

"मग तुझं काय जातंय? गप बस. नऊ तारखेला तुझा कागद हातात पडू दे. पुढं ते बघतील आणि बँक बघेल." फकीरव्वा तव्याकडं वळली. तिचा राग नेत्रावतीवर नव्हता, पण बाहेर तिच्यावरच निघत होता. "तीन वर्षं पहाटे साडेपाचच्या बसनं गेलीस. चाळीस बायका त्या वखारीवर जगतात. मालकानं उद्या मला दारातून परत पाठवलं तर या वयात मला कोण घेणार? आणि तू सांगायला गेलीस, सरांनी तुलाच हाकललं, तर?"

तव्यावरची भाकरी करपली. करपलेला वास आल्यावर फकीरव्वानं ती उतरवली, आणि मग पाठमोरीच म्हणाली, "पण तू आत हात का घातला नाहीस? तुला तर मी लहानपणापासून शिकवलंय, पोतं वरनं ओळखू नये."

"तुझा टाका होता, अव्वा. तीन गाठी बघितल्या आणि मला वाटलं, आत काय बघायचं."

फकीरव्वानं भाकरी खाली ठेवली. असं काही ऐकायला मिळेल याची तिला कल्पना नव्हती. वीस वर्षं ती पोती शिवत होती आणि तिच्या हातचं पोतं कधी उसवलं नव्हतं. हुबळीचे व्यापारी बोट दाखवून म्हणायचे, त्या डावऱ्या बाईनं शिवलेली द्या. गावात तिच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती. घर भाड्याचं, नवरा गेलेला, जमीन नाही. तीन गाठी तेवढ्या तिच्या स्वतःच्या होत्या, आणि मालकानं त्यांच्याखाली कचरा दडवला होता.

ती जेवली नाही. भांडी घासून झाल्यावर हात पुसत पुसत म्हणाली, "उद्याची साडेपाचची बस धर. सरांना सांग. आणि शंभर लिहिलेस तेही सांग, नुसतं देठांचं सांगू नकोस. निम्मं सांगायचं असलं तर जाऊच नकोस."

दुसऱ्या दिवशी सर नऊ वाजता आले तेव्हा नेत्रावती ऑफिसच्या पायरीवर उभी होती. सर आत गेले, देवाच्या तसबिरीला उदबत्ती लावली, खुर्चीत बसले. तिनं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, आधी शंभराचं, मग देठांचं. तिचं झाल्यावर सरांनी फाईल मागवली, तक्ता काढला, आणि जांभळ्या खुणेवर चष्मा टेकेल इतकं वाकून बघितलं.

"किती उघडलीस?"

"बावीस."

"मी सही केली असती," सर म्हणाले. एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली. सरांनी आवाज चढवला असता, टाकून बोलले असते, तर नेत्रावतीला सोसलं असतं. एकतीस वर्षं ते सह्या करत होते आणि त्यांच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. या सोमवारी सकाळी ते जरा जास्तच म्हातारे दिसत होते, आणि ते आपल्यामुळं, हे तिला लख्ख कळत होतं.

"पेन्सिल," सर म्हणाले.

तिनं पिशवीतून जांभळी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. तीन वर्षांत ती बोटभर उरली होती. सरांनी ती खणात टाकली आणि खण लावून घेतला. मग उठले, छत्री घेतली आणि सुहेलला गाडी काढायला सांगितली.

ब्याडगीत कोटूर मालकांनी आधी हसून बघितलं, मग ताक मागवलं, मग आवाज चढवला. आपल्याच अन्नावर वाढलेली पोरगी आपल्यावर उलटली, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. सरांनी ताकाला हात लावला नाही. "वखार उघडता की मी बँकेला तसं कळवू?" एवढंच विचारलं. मालकांनी किल्ली मुकादमाच्या अंगावर फेकली.

अंगणात बायका देठ खुडत बसल्या होत्या. चाळीसजणी, सगळ्यांची तोंडं बांधलेली, नुसते डोळे दिसणाऱ्या. त्यातली फकीरव्वा कोणती, हे नेत्रावतीला बोटांवरून कळलं, कारण तेवढीच डाव्या हातानं खुडत होती. तिनं मान वर केली नाही.

हमालांनी बाहेरच्या रांगा काढल्या आणि मधलं पहिलं पोतं खाली टाकलं. खाली पडताना त्याचा आवाजच वेगळा आला, हलका, पाचोळ्याचा. सुहेलनं सरांकडं बघितलं. नेत्रावतीनं सुरी घेतली. समोर उलटे तिरपे टाके आणि तीन गाठी. लहानपणी तिला त्या गाठी घालायला शिकायच्या होत्या, पण ती उजव्या हाताची, तिला त्या कधीच जमल्या नाहीत. तिनं पहिली गाठ कापली, दुसरी कापली, तिसरी कापली, आणि पोत्याच्या तोंडातून देठ भळाभळा जमिनीवर आले.

"पुढचं," सर म्हणाले.

दुपारी दोनपर्यंत ती कापतच राहिली. पंधरातलं एक नाही, मधलं एकूण एक. चारशे बारा पोती. सर खुर्चीवर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत. नेत्रावतीची बोटं सोलवटली, घामात मिरचीची धूळ बसून मान भाजून निघाली. मुकादम हळूच म्हणाला, ताई, बस झालं आता, कळलं सगळ्यांना. पण ती थांबली नाही. प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालूनच तिनं आकडा लिहिला, साध्या पेनानं, कारण पेन्सिल आता तिच्याकडं नव्हती.

सगळं झाल्यावर वखारीत चारशे बारा पोती तोंडं उघडी टाकून पडली होती. मालक दारात उभे होते. "घाण करून ठेवलीत," ते म्हणाले. "शिवली कुणी होती ही?" त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. अंगणातल्या चाळीस बायकांच्या देखत तिला उभं करायचं होतं, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ.

फकीरव्वा उठली. पदर झाडला, तोंडावरचं फडकं सोडलं आणि वखारीत आली. "मी शिवली होती मालक," ती म्हणाली. "देठ म्हणून शिवली होती. मिरची म्हणून मी शिवली नाहीत." मग तिनं कमरेचं दाभण काढलं, सुतळी ओवली आणि पहिल्या पोत्याशी बसली.

"आता कशाला शिवतेस?" मालक ओरडले.

"तोंड उघडं ठेवून जायचं नसतं," ती म्हणाली.

ज्यानं उघडलं त्यानं शिवायचं, हा नियम नेत्रावतीला आठवत होता. तीही दुसरं दाभण घेऊन आईच्या शेजारी बसली. सगळी शिवून होणं शक्यच नव्हतं, साडेचारला मालकांनी वखार रिकामी करायला लावली. तोवर दोघींची मिळून साठ-सत्तर झाली असतील. फकीरव्वाच्या पोत्यांवर तीन गाठी होत्या, नेत्रावतीच्या पोत्यांवर एक. हिशेब म्हणून त्याला काही अर्थ नव्हता, पण सर शेवटपर्यंत थांबले आणि त्या दोघी उठल्यावरच स्वतः उठले.

मालकांचं काम सरांच्या ऑफिसातून गेलं. ते आपल्या तीन पाहुण्यांचीही कामं घेऊन गेले. नऊ तारखेला सरांनी नेत्रावतीला आत बोलावलं आणि तिच्यासमोर फाईल उघडी ठेवली. जुना तक्ता तसाच होता, शंभर आणि जांभळी खूण. त्याच्या मागं नवा तक्ता लावलेला.

"जुना काढून टाकू का सर?" तिनं विचारलं.

"नाही. दोन्ही राहतील. आठ वर्षं ही फाईल कपाटात राहणार, कुणीही उघडून बघू दे." मग त्यांनी तिचा आर्टिकलशिपचा कागद पुढं ओढला आणि सही केली. पेन्सिल परत दिली नाही, आणि तिनं मागितलीही नाही.

त्या हंगामात फकीरव्वाला ब्याडगीच्या एकाही वखारीत काम मिळालं नाही. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. अक्का, यंदा माणसं भरलीत, पुढच्या वर्षी बघू, असं गोडच बोलले सगळे. मागं मात्र म्हणायचे, हिची पोरगी पोती उघडते. शेवटी मोटेबेन्नूरचा एक लहान मसालेवाला घरी मिरची आणून टाकू लागला. दर निम्मा. फकीरव्वा ओसरीवर बसून ती खुडायची. मे महिन्यात नेत्रावती परीक्षा देऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून तीही शेजारी बसू लागली. खुडता खुडता एकदा फकीरव्वा म्हणाली, "देठ मुळापासनं काढ, अर्धवट सोडू नकोस."

जुलैतल्या एका दुपारी सुहेलचा फोन आला. नेत्रावतीची बोटं मिरचीनं माखलेली, म्हणून तिनं कोपरानं फोन ओढून घेतला आणि बोटाच्या पेरानं स्पीकरवर सुरू केला. निकाल लागला होता. सुहेलनं तिचा नंबर टाकून बघितला होता. त्यानं आकडे वाचून दाखवले, मग म्हणाला, "सुटलीस. सी.ए. झालीस. सर इथंच आहेत, बोलायचंय म्हणतात."

फोनमधून आधी खाकरल्याचा आवाज आला. "नेत्रावती, सोमवारपासून ऑफिसात ये. आर्टिकल म्हणून नाही," सर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आई आहे का जवळ? त्यांना माझा नमस्कार सांग." आणि फोन ठेवून दिला.

फकीरव्वानं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि गालांवरून वाहू लागले. नेत्रावतीचंही तेच झालं. पण मिरचीच्या हातांनी डोळे पुसायचे नसतात, हे ब्याडगीत रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. फकीरव्वानं पुढची मिरची उचलली, डाव्या हातानं देठ मुळापासून काढला आणि टोपलीत टाकला. नेत्रावतीनं तिच्या शेजारची उचलली. अजून अर्धं पोतं बाकी होतं. ते संपेपर्यंत दोघींपैकी कुणीही डोळ्यांना हात लावला नाही.